अहाकिस्टाला समाचाराला जाण्याविषयी : आयर्लंडमधील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
आयर्लंडमधील मराठी मंडळांचे पदाधिकारी, सभासद,
आणि कोणत्याही मंडळात नाव न नोंदवलेले मराठी रहिवासी

विषय : येत्या २३ जूनला अहाकिस्टा येथील, १९८५ च्या ‘कनिष्क’ विमान दुर्घटनेच्या स्मारकावर उपस्थित राहण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाची वर्गणी, दिवाळीसाठी मिळेल त्या भाड्याचे सभागृह आणि कोजागरीचे दूध कोण आटवणार, या विषयांवर आपला पत्रव्यवहार वर्षभर चालतो आणि त्यात मीही हिरिरीने भाग घेतो. आजचा विषय मात्र माझ्या अठरा वर्षांच्या कॉर्कमधील वास्तव्यात आपल्या कोणत्याही बैठकीत निघालेला मला आठवत नाही, आणि तो न काढण्याचा दोष इतरांइतकाच माझाही आहे. आपल्या वर्षभराच्या कार्यक्रमांच्या यादीत २३ जून ही तारीख असावी आणि त्या दिवशी सकाळी आपल्यापैकी काही जणांनी अहाकिस्टा नावाच्या गावी जावे, एवढेच मला मांडायचे आहे. पण ते का आणि कसे जावे, हे सांगण्यासाठी थोडा विस्तार करावा लागेल.

अहाकिस्टा हे कॉर्क परगण्याच्या नैर्ऋत्य टोकाला, शीप्स हेड नावाच्या अरुंद भूशिरावर, डनमॅनस उपसागराच्या काठी आहे. गाव म्हणायचे ते आपल्याकडच्या वाडीएवढे : एक लहानसा धक्का, त्याच्याजवळ एक पब, रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या छपराचा दुसरा पब, आणि बाकी उतारावर विखुरलेली घरे. मूळ आयरिश नावाचा अर्थ ‘ठेव्याजवळचा उतार’, म्हणजे ओढा पायी ओलांडायची जागा, असा सांगतात. रस्ता इतका अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आला तर दोघांपैकी एकाला कुंपणात शिरावे लागते, आणि ज्याच्यासाठी आपण वाट सोडतो तो चालक स्टीअरिंगवरचे एकच बोट उचलून आभार मानतो. कुंपणे बहुतेक फ्यूशियाची आहेत. लाल-जांभळी, खाली मान घातलेली ही फुले पश्चिम कॉर्कची ओळखच झाली आहेत, आणि आयरिश भाषेत त्यांना ‘देवाचे अश्रू’ म्हणतात. हे नाव त्या दुर्घटनेच्या कितीतरी आधीचे आहे. त्यात कुणी उगाच संकेत शोधू नये.

२३ जून १९८५ हा रविवार होता. माँट्रियलहून निघालेले एअर इंडियाचे १८२ क्रमांकाचे बोइंग ७४७, ‘सम्राट कनिष्क’, लंडनकडे येत होते. पुढे दिल्ली आणि शेवटचा थांबा मुंबई. शॅननच्या हवाई नियंत्रण कक्षाने विमानाला ‘२००५’ हा संकेतांक दिला, विमानातून तो म्हणून दाखवण्यात आला, आणि त्यानंतर काही मिनिटांतच, आयर्लंडच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सव्वाआठच्या सुमारास, एकतीस हजार फुटांवर असलेले ते विमान रडारच्या पडद्यावरून नाहीसे झाले. सामानाच्या कक्षात बाँब होता. व्हँकुव्हरला एका प्रवाशाने बॅग पुढच्या विमानांसाठी दिली होती आणि तो स्वतः मात्र चढलाच नव्हता. ‘कनिष्क’ नाहीसे होण्याच्या जवळपास तासभर आधी जपानच्या नारिता विमानतळावर, एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायची बॅग फुटून सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले होते. ‘कनिष्क’मधील ३२९ माणसांपैकी कुणीही वाचले नाही. त्यांत ऐंशीहून अधिक लहान मुले होती, कारण कॅनडातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागण्याचे ते दिवस होते आणि आजी-आजोबांकडे जायची वेळ झाली होती. या शेवटच्या वाक्यापाशी आपण प्रत्येक जण थांबला असाल. आपणही मुलांच्या सुट्टीचे तिकीट जानेवारीतच काढून ठेवतो.

विमान किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर पडले. तिथे सर्वांत आधी पोहोचले ते लॉरेन्शियन फॉरेस्ट नावाचे मालवाहू जहाज, जे आपल्या मार्गाने डब्लिनकडे चालले होते. मागोमाग आयरिश नौदलाचे एल. ई. ॲश्लिंग आले, ब्रिटनमधून हेलिकॉप्टर आली, आणि व्हॅलेंशिया बेटावरची जीवरक्षक बोट इतक्या दूरच्या पाण्यात जाऊन आली. त्या बोटीवरचे लोक पगारी नव्हते. रविवारी सकाळी घरी असलेली, एरवी मासे पकडणारी किंवा दुकान चालवणारी माणसे होती ती. १३१ मृतदेह हाती लागले. ते कॉर्कच्या विल्टन भागातल्या त्या वेळच्या प्रादेशिक रुग्णालयात आणण्यात आले, म्हणजे आज ज्याला आपण सगळे ‘सी. यू. एच.’ (कॉर्क युनिव्हर्सिटी हॉस्पिटल) म्हणतो आणि जिथे आपल्यापैकी कित्येक जणी परिचारिका म्हणून, कित्येक जण डॉक्टर म्हणून रोज कामाला जातात, तिथेच. उरलेले समुद्रातच राहिले. विमानाचे अवशेष सुमारे दोन हजार मीटर खोलीवर गेले होते; दोन्ही नोंद-पेट्या (ब्लॅक बॉक्स) पुढच्या महिन्यात एका फ्रेंच केबल-जहाजाने यंत्राच्या साहाय्याने वर काढल्या.

मग नातेवाईक येऊ लागले. कॅनडातून, भारतातून, इंग्लंडमधून. कॉर्क शहराने कधी एवढी भारतीय माणसे एकत्र पाहिली नसतील. ज्यांचे माणूस सापडले त्यांना ओळख पटवायची होती आणि ज्यांचे सापडले नाही त्यांना निदान समुद्र पाहायचा होता. त्या दिवसांत कॉर्कच्या लोकांनी जे केले ते नातेवाइकांनी नंतर वारंवार जाहीरपणे सांगितले आहे, त्यामुळे मी ते रंगवून सांगत नाही. एक मात्र सांगतो. इथे कुणाचे माणूस गेले की त्याच्याशी बोलताना ठरलेले वाक्य असते : ‘सॉरी फॉर युअर ट्रबल.’ सुरुवातीला मला ते फार कोरडे वाटायचे. मृत्यूला ‘ट्रबल’ काय म्हणायचे! माझे वडील गेले तेव्हा सुट्टी संपवून परतलो, तर कारखान्यातल्या पाळीचे एकूण एक जण, ज्यांच्याशी माझे कधी बोलणेही नव्हते तेसुद्धा, माझ्यासमोर येऊन हात हातात घेऊन हेच चार शब्द म्हणून गेले. आपल्याकडे ‘वाईट झालं’ म्हणतात त्याचाच हा भाऊ आहे हे तेव्हा कळले. त्या शब्दांवरून माणसाची परीक्षा करायची नसते. तो समोर येऊन उभा राहिला ना, एवढे पाहायचे असते.

शीप्स हेडच्या आसपासच्या माणसांना समुद्रातल्या मरणाची ओळख नव्याने करून द्यायची गरज नव्हती, हेही लक्षात घ्यावे. भूशिराच्या दुसऱ्या अंगाला बँट्रीचा उपसागर आहे. तिथल्या व्हिडी बेटाच्या तेलधक्क्यावर ८ जानेवारी १९७९ रोजी बेटेलज्यूज या फ्रेंच तेलवाहू जहाजाचा स्फोट होऊन पन्नास माणसे गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फास्टनेट शर्यतीच्या शिडांच्या होड्या वादळात सापडून पंधरा खलाशी बुडाले. म्हणजे ‘कनिष्क’ पडले तेव्हा या किनाऱ्यावरच्या घरांतून आधीचा दुखवटा पुरता सरलाही नव्हता. ज्याच्या घरी गेलेले असते त्याला दुसऱ्याच्या घरी कसे बसायचे हे कळते.

पहिल्या वर्षश्राद्धाला, २३ जून १९८६ रोजी, अहाकिस्टाच्या पुढे किलक्रोहेनच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याकडेला, समुद्राच्या अगदी काठावर स्मारकाचे अनावरण झाले. कॉर्कचे शिल्पकार केन थॉम्पसन यांनी घडवलेले ते दगडी सूर्यघड्याळ आहे. पश्चिम कॉर्कच्या पावसात सूर्यघड्याळ बसवणे हा मोठाच आशावाद म्हणायचा, असे मला पहिल्या भेटीत वाटले होते आणि अजूनही वाटते; पण त्या आशावादावर मी आता हसत नाही. जवळच्या भिंतीवर मृतांची नावे कोरलेली आहेत. कॅनडात टोरंटोला आणि व्हँकुव्हरला स्मारके उभी राहायला २००७ साल उजाडावे लागले, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या गावाने किती लवकर आणि किती कमी बोलून आपले काम उरकले ते दिसते. तेव्हापासून दरवर्षी २३ जूनला सकाळी तिथे लोक जमतात. ज्या वेळी विमान नाहीसे झाले त्या वेळी शांतता पाळली जाते. कॉर्क कौंटी कौन्सिलचे प्रतिनिधी, भारताचे आणि कॅनडाचे राजदूत पुष्पचक्रे वाहतात, आसपासच्या शाळांतली मुले गातात, आणि दूरदेशीहून आलेले नातेवाईक, दरवर्षी थोडे अधिक म्हातारे होऊन, भिंतीवरच्या आपल्या नावापाशी जाऊन उभे राहतात.

माझी पहिली भेट मात्र जूनमधली नव्हती. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या एका ओल्या दुपारी मी बँट्रीहून परतताना वाट चुकवून मुद्दाम तिथे गेलो. स्मारकावर एक साठीतला माणूस कुंपण छाटत होता. पायात रबरी बूट, डोक्यावर लोकरीची टोपी, कात्री जुन्या पद्धतीची, दोन हातांची. मी भिंतीपाशी गेलो तेव्हा त्याने कात्री थांबवली. आवाज होऊ नये म्हणून थांबवली, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आले. मी नावे वाचत होतो. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘तुमचं कुणी होतं का?’ मी ‘नाही’ म्हणालो, आणि हे ‘नाही’ तोंडातून बाहेर पडताना मला विलक्षण ओशाळल्यासारखे झाले. कारण त्याचेही कुणी नव्हते, आणि तो तिथे कात्री घेऊन उभा होता. त्याने मान हलवली, ‘वारा जोराचा आहे, गाडीचं दार धरून उघडा,’ असे सांगितले आणि मी पायऱ्या चढेपर्यंत थांबून पुन्हा छाटायला सुरुवात केली. आमचे संभाषण एवढेच. त्या दिवशी परतीच्या दोन तासांत मी गाणी लावली नाहीत.

ती माणसे कुणाची, हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटला नव्हता. मृतांतले बहुसंख्य, २६८ जण, कॅनडाचे नागरिक होते. तरी कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. आपल्याकडे ते ‘परदेशस्थ’ ठरले. पंचवीस वर्षांनी, २०१० साली, निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाला आपल्या अहवालात स्पष्ट लिहावे लागले की हा अत्याचार कॅनडाचाच आहे. तपासाची आणि खटल्याची कहाणी इथे सांगत बसत नाही. ती लांब आहे आणि लाजिरवाणी आहे. मार्च २००५ मध्ये दोन आरोपी निर्दोष सुटले आणि या सगळ्या प्रकरणात शिक्षा झाली ती बाँब तयार करण्यात हात असलेल्या एकट्या माणसाला. एवढ्या अवधीत ज्यांनी ‘ही कुणाची माणसे’ असे एकदाही विचारले नाही, असे गाव म्हणून मी अहाकिस्टाचे नाव घेतो. त्यांच्या किनाऱ्यासमोर पडली म्हणून ती त्यांची झाली. आपल्या कोकणपट्टीतही दर्यावर अनोळखी माणसाचे प्रेत आले तर गाव ते सोडून जात नाही, त्याचे करते. तोच धर्म, फक्त तो यांनी चाळीस वर्षे लांबवला.

आता आपल्याकडे येतो. विमानाचा शेवटचा थांबा मुंबई होता, एअर इंडियाचे मुख्यालय तेव्हा नरिमन पॉइंटला होते, विमानातले बावीस कर्मचारी आपल्या देशाच्या त्या कंपनीचे होते, आणि मुख्य वैमानिक कॅप्टन नरेंद्र यांच्यासाठी तो प्रवास म्हणजे रोजचे काम होते. म्हणजे कागदोपत्री नातेसुद्धा आपलेच अधिक आहे. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमधील भारतीय नागरिकांची संख्या पंचेचाळीस हजारांवर गेलेली दिसते. १९८५ साली कॉर्कच्या रुग्णालयाबाहेर बसलेल्या एखाद्या आईशी तिच्या भाषेत बोलेल असे माणूस शोधावे लागले असेल. आज त्याच रुग्णालयाच्या उपाहारगृहात दुपारी चार भारतीय भाषा कानावर पडतात. आणि तरीही २३ जूनच्या सकाळी, मी गेलो त्या तीन वर्षांत, मराठी बोलणारे मला एकदा दोघे भेटले आणि दोनदा कुणीच नाही.

विसरणे हा आपला जुनाच गुण आहे, असे कुणी म्हणेल तर मी वाद घालणार नाही. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचेच ‘सम्राट अशोक’ मुंबईहून उड्डाण करून काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. बँडस्टँडवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना समोरच्या पाण्याकडे पाहून ती तारीख आठवते? मी माहीमचा आहे आणि मला ती इथे, अहाकिस्टाविषयी वाचताना समजली.

एक अप्रिय गोष्टही लिहायला हवी, कारण ती लपवून हे पत्र पुढे जाणार नाही. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यातल्या एका लांब सुट्टीला आपल्यापैकीच काही कुटुंबांनी बस ठरवून केरी आणि पश्चिम कॉर्कची सहल काढली होती. त्या बसमध्ये मी होतो. कार्यक्रमात ‘अहाकिस्टा, पंधरा मिनिटे’ असे छापलेले होते. बस त्या रस्त्यावर नीट वळेना, म्हणून चालकाने एका शेताच्या फाटकासमोर उभी केली आणि मागे तीन गाड्या अडकल्या. मुले खाली उतरली, भिंतीच्या कठड्यावर डबे उघडले गेले, कुणीतरी सूर्यघड्याळाला टेकून छायाचित्र काढले आणि कुणीतरी त्या छायाचित्राखाली लिहायला विनोदी ओळ सुचवली. कागदी बशा आम्ही गोळा केल्या, हे खरे. चिवडा मात्र फरशीवर सांडलेला राहिला. त्या वेळी मी कुणाला बोललो नाही, कारण वातावरण खेळीमेळीचे होते आणि मला खडूस म्हणवून घ्यायचे नव्हते. म्हणून ‘कसे जायचे’ हे आज सविस्तर लिहितो आहे.

आपल्या भाषेत या जाण्याला चांगला शब्द आहे. दुखवट्याच्या घरी आपण समाचाराला जातो. समाचाराला जाताना आपण काय करतो? आधी वेळ विचारतो. घोळक्याने जात नाही. रंगीबेरंगी कपडे घालत नाही. जाऊन बसतो, घरचे बोलले तर ऐकतो, नाही बोलले तर आपणही बोलत नाही. आपल्या घरची मोठी दुःखे तिथे काढत नाही. आणि उठताना ‘येतो’ म्हणत नाही, नुसते उठतो. हे सगळे आपल्याला आपल्या आजीने न शिकवता येते, आणि अहाकिस्टाला याहून वेगळे काही करावे लागत नाही.

तेव्हा मंडळाचा फलक नको. एकसारखे सदरे नकोत. व्यासपीठावर दोन शब्द बोलण्याची विनंती तर मुळीच नको. तो कार्यक्रम नातेवाइकांचा आणि गावाचा आहे. फुले न्यायची तर बिनवेष्टनाची न्यावीत आणि समुद्रात काही सोडायचे असेल तर प्लास्टिकचा धागाही त्यात नसावा. ‘मंडळातर्फे कायमस्वरूपी काहीतरी बांधून देऊ,’ अशी सूचना एका स्नेह्यांनी मला खाजगीत केली होती. त्यांच्या भावनेचा आदर आहे, परंतु त्या जागेला आणखी दगडाची गरज नाही. तिथे जाऊन राजकारणाचे काही बोलू नये, हे सांगायला लागू नये. पण गेल्या काही वर्षांत भारत आणि कॅनडा यांच्यातील तणाव वाढल्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या भ्रमणध्वनी-समूहांवर जे संदेश फिरतात ते पाहता सांगणे भाग आहे. विमानात हिंदू होते, शीख होते, मुस्लिम आणि ख्रिस्ती होते. भिंतीपाशी उभ्या असलेल्या वृद्ध शीख गृहस्थांची बायको त्याच विमानात असू शकते, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याशेजारी उभे राहावे.

काहींचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आणि अन्यत्र आपल्या लोकांवर हल्ले झाले, मुलांना रस्त्यात अडवून ‘परत जा’ म्हणण्यात आले, आणि त्या भीतीतून आपण अजून पुरते सावरलो नाही. अशा वेळी यांच्या चांगुलपणाचे गोडवे गायचे का? प्रश्न रास्त आहे. माझी मुलगीही त्या ऑगस्टमध्ये बसथांब्यावर एकटी उभी राहायला कचरत होती. मला त्या हल्ल्यांवर अहाकिस्टाचे पांघरूण घालायचे नाही. पोलिसांकडे, खासदारांकडे जे अर्ज करायचे ते आपण केले आहेत आणि पुढेही करू. परंतु ज्यांनी आपल्याला शिव्या दिल्या त्यांच्यापायी ज्यांनी आपल्या माणसांची भिंत पुसली त्यांच्याकडे जायचे राहू नये. त्याच २०२५ साली, चाळिसाव्या वर्षी, आयर्लंडचे पंतप्रधान मिहॉल मार्टिन आणि भारताचे मंत्री हरदीप सिंग पुरी स्मारकावर आले होते. अकराच दिवसांपूर्वी, १२ जूनला, अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले होते. चाळीस वर्षे जुने दुःख त्या सकाळी कुणालाच जुने वाटले नाही.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ती सूचना. भिंतीवरची नावे भारतातल्या अनेक प्रांतांची आहेत : पंजाबी, गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळी, बंगाली आणि आपलीही. ती रोमन लिपीत कोरलेली आहेत, आणि त्या लिपीत आपल्या नावांचे काय होते हे आपण शाळेच्या हजेरीपटावर आणि दवाखान्याच्या खिडकीवर रोज अनुभवतो. मागे एकदा एक आयरिश बाई माझ्या शेजारी उभ्या राहून भिंतीवरचे एक लांब दाक्षिणात्य आडनाव हळूच उच्चारून पाहत होत्या. तीनदा प्रयत्न करून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘इतकी वर्षं मी हे चुकीचंच म्हणत असेन, नाही का?’ मला ते आडनाव नीट म्हणता येईल असे वाटले होते. मीही अडखळलो. ‘ळ’ आहे की ‘ल’, ‘त’ की ‘ट’, रोमन अक्षरांवरून कसे कळणार?

म्हणून असे करता येईल का, पाहा. ३२९ नावांचे बरोबर उच्चार, त्या त्या भाषेच्या माणसाकडून पडताळून, एकदा ध्वनिमुद्रित करावेत आणि गावाला हवे असतील तर द्यावेत. मराठी माणसाने एकट्याने करण्याचे हे काम नाही, कारण तमिळ नावाचा मराठी उच्चार हा इंग्रजी उच्चाराहून फारसा बरा नसतो. आपण फक्त सुरुवात करायची आणि कॉर्कच्या केरळी, पंजाबी, तेलुगू मित्रांना सोबत घ्यायचे. जिथे आपली मुलांची मराठी शाळा चालते तिथल्या मोठ्या मुलांना हे काम द्यावे, असे माझे मत आहे. त्यांच्या कानांना दोन्हीकडचे आवाज येतात; आणि इथल्या वर्गात आपल्या नावाची मोडतोड काय असते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? नातेवाइकांची हरकत नाही ना, हे आधी विचारायचे. कौन्सिलला आणि गावाला पत्र लिहून विचारायचे. ‘नको’ म्हणाले तर तिथेच थांबायचे आणि तरीही २३ जूनला जायचे. विचारण्याच्या पत्राचा मसुदा मी तयार केला आहे. मंडळांनी त्यावर आपल्या सूचना एप्रिलअखेर कळवाव्यात.

प्रवासाविषयी थोडे. २३ जून २०२६ हा मंगळवार आहे, तेव्हा रजा आत्ताच टाकावी. डब्लिनहून सकाळी निघून पोहोचता येणार नाही. आदल्या रात्री बँट्रीत किंवा डरसमध्ये मुक्काम करावा, आणि उन्हाळ्यात तिथल्या खोल्या लवकर भरतात. कॉर्क शहरातून सुमारे दोन तास लागतात. स्मारकापाशी गाड्या लावायला जागा अगदी थोडी असते आणि ती नातेवाइकांसाठी राहू द्यावी, म्हणून गाडी गावात लावून पुढे चालत जाणे बरे. जून असला तरी छत्री नेऊ नये, वाऱ्यापुढे तिचा उपयोग होत नाही. टोपीचा रेनकोट न्यावा. पहिल्या वर्षी आपण सगळे मिळून दहा-बारा जणांहून अधिक नसावे असे मला वाटते, आणि त्यात निदान दोन मुले असावीत.

कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नये. खुर्च्या उचलायच्या असतील तर उचलू लागावे, न विचारता. जमल्यास दुपारी भूशिराच्या टोकाकडे जाणारी पायवाट थोडी चालून यावे. अहाकिस्टाच्या वरच्या अंगाला, ही पायवाट आखताना १९९५ साली झुडपांत सापडलेले प्राचीन शिळावर्तुळ आहे, आणि तिथून खालचा उपसागर पुरा दिसतो. विमान पडले ती जागा मात्र कुठूनही दिसत नाही. ती क्षितिजाच्या फार पलीकडे आहे.

माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. मी विल्टनहून पहाटे पाचला निघणार आहे आणि वाटेत कुठे थांबणार नाही, त्यामुळे चहा घरूनच घेऊन यावे.

आपला नम्र,
कॉर्कमधील एक मराठी रहिवासी